तोंड येणे, तोंडातील चट्टे आणि लेसर उपचार : कोणाला उपयोग झाला आहे?

भीमातीर
नमस्कार. मला गेली अनेक वर्षे वारंवार तोंड येते. ओठाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेच्या कडेला आधी चुरचुरते, एक-दोन दिवसांत तिथे लाल कडा असलेला पिवळट-पांढरा व्रण दिसू लागतो, आणि मग आठवडाभर आमटीसुद्धा कोमट करून, तिखट वगळून घ्यावी लागते. मी शाळेत शिकवते. सलग तास घेताना जीभ दातांवर घासत राहते आणि दुपारनंतर बोलणे नकोसे होते. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि मेडिकलमधून मिळणारी बधिर करणारी जेल यांवर आजवर निभावले.

मागच्या आठवड्यात दाढ भरायला गेले असता दंतवैद्यांनी लेसर सुचवला. बसल्या बैठकीत दुखणे थांबेल, असे ते म्हणाले. त्यांच्याकडच्या पत्रकात लेसरने पांढरे चट्टे, लायकेन प्लेनस (तोंडाच्या आतल्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह) आणि ओठावरची पाण्याची गाठ यांवरही उपचार होतात असे लिहिले आहे. माझ्या सासूबाईंना खालची कवळी आहे आणि त्यांच्या गालाच्या आत, कवळीच्या कडेजवळ, बरेच दिवस एक पांढरा चट्टा आहे. तो दुखत नाही. त्यांनाही बरोबर नेऊन दोघींचे एकदमच करून घ्यावे का, असा विचार आहे. लेसरने खरोखर दुखणे थांबते का, आणि पुन्हा तोंड येणे बंद होते का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

पारिजात_अंगण
भीमातीर ताई, यंत्राकडे वळण्याआधी घरचे उपाय नेटाने करून पाहावेत, असे मला मनापासून वाटते. आमच्याकडे जाईचा कोवळा पाला चावून थुंकायचा, रात्री झोपताना व्रणावर साजूक तूप लावायचे आणि ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरायची, एवढ्यावर माझ्या आईने आम्हा सगळ्या भावंडांना बरे केले. जेवणात तोंडल्याची भाजी आणि ताक असावे, जागरण टाळावे, पोट साफ ठेवावे. हे व्रण आपोआप बरे होणारे असतात. त्यासाठी पैसे मोजून किरण मारून घेण्याची गरज काय, हे मला कळत नाही.

शुभ्रपंक्ती
मी सांगलीत दंतवैद्यक करते आणि माझ्याकडे डायोड लेसर आहे. त्यामुळे माझे मत त्या यंत्राकडे झुकलेले असू शकते, हे वाचकांनी लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

लेसर या एका नावाखाली दोन अगदी वेगळे उपचार चालतात. पहिल्यात अत्यंत कमी शक्तीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश व्रणावर टाकतात. त्याने काहीही कापले किंवा जाळले जात नाही. पेशींमधील मायटोकॉन्ड्रिया हा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे दाह कमी होतो आणि ऊती भरून येण्याला चालना मिळते, अशी त्यामागची मांडणी आहे. दुसऱ्या प्रकारात तोच प्रकाश जास्त शक्तीने वापरून ऊती कापतात किंवा तिची वाफ करतात. गाठ काढणे, चट्टा काढणे ही कामे या प्रकारात येतात. आमच्याकडची ८१०, ९४० किंवा ९८० नॅनोमीटरची डायोड यंत्रे दोन्ही कामे करू शकतात. एकाच शेगडीवर दूध कोमट करता येते आणि करपवताही येते, तसे हे आहे. शक्ती किती, टोक ऊतीपासून किती अंतरावर आणि किती वेळ, यावर सगळे ठरते.

तोंड आल्यावर आम्ही काय करतो ते सांगते. रुग्ण आणि खोलीतील प्रत्येक जण त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घालतो. ओठ बाहेर वळवून व्रण कापसाने कोरडा करतो. फायबरचे टोक व्रणाला न टेकवता दोन-तीन मिलिमीटर वर धरून कडेकडून मध्याकडे गोल फिरवत नेतो. त्या वेळी दिसणारा लाल ठिपका केवळ नेम धरण्यासाठी असतो, काम करणारा अवरक्त किरण डोळ्यांना दिसतच नाही. बहुतेक वेळा भूल लागत नाही. रुग्णाला थोडी ऊब जाणवते, आणि तशी जाणवताच हात वर करायला आम्ही आधीच सांगून ठेवतो.

आता ताईंच्या प्रश्नांची उत्तरे. दुखणे कमी होते, बऱ्याच जणांचे त्याच बैठकीत होते, आणि व्रण थोडा लवकर भरतो. पुन्हा तोंड येणे मात्र यामुळे थांबत नाही. ज्या जागेवर प्रकाश पडला त्या जागेपुरताच हा उपाय आहे. या विषयावर अभ्यास बरेच झाले असले, तरी त्यांतील पुष्कळसे लहान आहेत आणि प्रत्येकाने तरंगलांबी व मात्रा निराळी वापरली आहे. म्हणून नेमकी कोणती मात्रा सर्वोत्तम, यावर एकमत झालेले नाही.

सासूबाईंच्या चट्ट्याबाबत मात्र माझी कळकळीची विनंती आहे की, निदान होण्याआधी त्यावर कोणताही लेसर लावू देऊ नका. दोघींचे एकदमच करून घेण्याचा विचार सोडून द्या, कारण हे दोन आजार एका जातीचे नाहीत.

काळी_माती
शुभ्रपंक्ती, इतके सविस्तर उत्तर दिल्याबद्दल आभार. हे वाचून आमच्या घरात सगळ्यांनी आरशासमोर उभे राहून आपापल्या जिभा तपासल्या.

सूक्ष्मदर्शी
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तोंडातून काढलेले तुकडे माझ्या टेबलावर येतात, म्हणून शुभ्रपंक्ती यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोड देतो.

पांढरा चट्टा अनेक कारणांनी होतो. कवळीची कड घासून तिथली त्वचा जाड झालेली असू शकते, बुरशीचा थर असू शकतो, लायकेन प्लेनस असू शकतो किंवा ल्यूकोप्लाकिया, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही ओळखीच्या आजारात न बसणारा पांढरा चट्टा, असू शकतो. यांपैकी ल्यूकोप्लाकियात काही रुग्णांच्या बाबतीत पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळलेले असतील, किंवा चट्टा जिभेच्या कडेला अथवा जिभेखाली असेल, तर तो धोका अधिक धरला जातो. नुसत्या डोळ्यांनी पाहून पेशींमध्ये बिघाड आहे की नाही, हे खात्रीने कोणालाही सांगता येत नाही. त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो.

लेसरने चट्ट्याची वाफ केली, तर तपासायला काहीच उरत नाही. लेसरने कापून तुकडा पाठवला, तर उष्णतेमुळे कडेच्या पेशी आकसतात, त्यांची केंद्रके लांबट दिसू लागतात आणि नेमक्या ज्या कडेवरून निर्णय घ्यायचा तीच वाचता येत नाही. संशयित जागेचा पहिला तुकडा साध्या पात्याने काढावा, असा माझा आग्रह त्यासाठीच असतो. लेसरनेच काढायचा असल्यास भोवतीची थोडी जास्त ऊती घ्यावी आणि लेसर वापरल्याचे पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर स्पष्ट लिहावे. ते लिहिलेले नसले की आमची निष्कारण दिशाभूल होते.

सड्यावरची_वाट
सूक्ष्मदर्शी यांनी जे लिहिले, ते आमच्या घरात घडले आहे. माझी आत्या लहानपणापासून मशेरी लावत असे. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मशेरी दाबून ठेवायची, तिथे पांढरा, सुरकुतलेला चट्टा आला होता. जवळच्या शहरातील एका दवाखान्यात तो लेसरने जाळून टाकला. रक्त नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी आत्या भाकरी कुस्करून खाऊ लागली, म्हणून सगळे समाधानी होते. तुकडा तपासायला पाठवला होता का, असे मी विचारले, तेव्हा त्याची आवश्यकता नव्हती एवढेच उत्तर मिळाले. मशेरी सोडण्याविषयी तिला कोणी एक शब्दही बोलले नव्हते.

वर्षभरात त्याच जागी चट्टा परत आला. या वेळी आम्ही तिला मुंबईला शासकीय दंत महाविद्यालयात नेले. तिथे आधी बायोप्सी झाली आणि पेशींमध्ये मध्यम स्वरूपाचा बिघाड आढळला. मग शस्त्रक्रिया झाली आणि आता तिला ठरावीक मुदतीने तपासणीला जावे लागते. पहिल्या वेळी तो बिघाड होता की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण तो पुरावा त्या दवाखान्यात धूर होऊन गेला. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. लेसर वाईट आहे असे मी म्हणत नाही. तपासणीशिवाय चट्टा पुसून टाकणे वाईट आहे.

शुभ्रपंक्ती
सड्यावरची_वाट, तुमचा संताप योग्य आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट करावीशी वाटते. ल्यूकोप्लाकियाचे निदान बायोप्सीने पक्के झाल्यावर तो काढण्यासाठी कार्बन डायऑक्साइड लेसर वापरणे ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. रक्तस्राव कमी होतो, बहुधा टाके घालावे लागत नाहीत आणि गालाच्या आत व्रण भरताना ऊती आखडण्याचे प्रमाणही कमी राहते. तरीही चट्टा परत येऊ शकतो. तो काढून टाकल्याने पुढे कर्करोग होणार नाही, अशी हमी आज कोणत्याही उपचाराला देता येत नाही. म्हणून तंबाखू सोडणे आणि नियमित तपासणी यांना पर्याय नाही.

पारिजात_अंगण
म्हणजे माझा मुद्दा कायम राहतो. तोंड आल्यावर जाईचा पाला आणि चट्टा असेल तर डॉक्टर. मध्ये लेसरची जागा कुठे?

प्रकाशपथ
पारिजात ताई, ती जागा कशी निर्माण झाली, याचा इतिहास रंजक आहे आणि त्यातील एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येतो. लेसरची पहिली यशस्वी चाचणी थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकावर केली. शुभ्रपंक्ती यांनी आत्ताच उल्लेख केलेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चंद्र कुमार नारणभाई पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. या लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर आहे आणि तिथे पाणी प्रकाश फार जोराने शोषून घेते. तोंडातील मऊ ऊतींत बहुतांश पाणीच असल्याने हा किरण वरच्या पातळ थरातच जिरतो, खोलवर शिरत नाही. तोंडाच्या शस्त्रक्रियेत त्याला मान मिळाला तो या गुणामुळे.

कमी शक्तीच्या प्रकाशाची गोष्ट वेगळी आहे. बुडापेस्टमधील एंद्रे मेस्टर हे १९६० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करत असताना, लेसर लावलेल्या जागी केस लवकर उगवतात आणि जखमा लवकर भरतात, असे त्यांच्या लक्षात आले. आजचे सगळे कमी शक्तीचे, म्हणजे शीत, लेसर त्या निरीक्षणाचे वारसदार आहेत.

या दोन धाग्यांची गाठ पुढे इराणमधील संशोधकांनी घातली. त्यांनी व्रणावर भरपूर पाणी असलेल्या पारदर्शक जेलचा जाड थर दिला आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण पसरट करून, काही सेकंदच फिरवला. बहुतेक शक्ती जेलमध्येच जिरते, ऊती जळत नाही, आणि व्रणाचे दुखणे मात्र त्याच वेळी पुष्कळ कमी होते, असे त्यांना आढळले. ऊती कापणारे यंत्र न कापता वापरण्याची ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

मांडवीपार
मी गोव्यातून लिहीत आहे. पारिजात ताईंनी विचारलेल्या जागेचे उत्तर माझ्या वडिलांच्या आजारपणात आम्हाला मिळाले, म्हणून हा अनुभव तपशिलाने मांडते.

बाबांना जिभेचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन सुरू झाले, आठवड्यातून पाच दिवस, असे दीड महिना. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंडाची आतली त्वचा लालबुंद होते आणि तिसऱ्या आठवड्यात सोलवटून जाते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. शेजारच्या खाटेवरील एका गृहस्थांना नाकातून नळी घालावी लागली, ते आम्ही पाहिले होते. तोंडाच्या या अवस्थेला म्युकोसायटिस म्हणतात. तिच्या वेदनांची तुलना नेहमीच्या तोंड येण्याशी होऊच शकत नाही. माणूस आपली थुंकीसुद्धा गिळू शकत नाही. खाणे बंद होते, वजन उतरते, आणि वेदना असह्य झाल्या तर रेडिएशन मध्येच थांबवावे लागते. ते थांबणे कर्करोगाच्या दृष्टीने घातक असते.

बाबांच्या रुग्णालयात रोज रेडिएशनला जाण्याआधी त्यांना कमी शक्तीचा लाल लेसर देत असत. गाल, ओठांची आतली बाजू, मऊ टाळू अशा ठरवलेल्या जागी एकामागून एक, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद. ज्या जागी गाठ होती तिथे प्रत्यक्ष प्रकाश पडणार नाही, याची काळजी घेत. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला सांगितले की, हे केवळ त्यांच्या विभागाचे मत नाही. कर्करोगाच्या रुग्णांच्या आधार-उपचारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डोके व मानेच्या रेडिएशनसाठी, तसेच अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी, हा उपचार प्रतिबंधक म्हणून द्यावा अशी शिफारस आहे. व्रण झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून सुरू करण्यात त्याचा उपयोग आहे, हेही त्यांनी समजावले.

बाबांना त्रास झालाच नाही असे नाही. शेवटच्या पंधरवड्यात ते केवळ पेज आणि गाळलेले सूप घेत होते. परंतु त्यांना नळी लागली नाही आणि एकही दिवस रेडिएशन चुकले नाही. हे केवळ लेसरमुळे झाले असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण मिठाच्या-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, आहारतज्ज्ञांचा सल्ला हे सगळेच चालू होते. तरीही ज्यांच्या घरी कोणाला तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुचवले असेल, त्यांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच ही सोय आहे का, हे अवश्य विचारावे. हा प्रश्न न विचारल्यामुळे पुष्कळ जण वंचित राहतात.

पारिजात_अंगण
मांडवीपार, वाचून डोळे भरून आले. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. अशा आजारात ही सोय प्रत्येक ठिकाणी असायला हवी, याबद्दल माझे काहीही दुमत नाही. नेहमीच्या तोंड येण्याबाबत माझे मत अजून बदललेले नाही, एवढेच.

हिशेबी
नेहमीच्या तोंड येण्याबाबत मीही पारिजात ताईंच्या बाजूचा आहे, परंतु माझे कारण वेगळे आहे. जो व्रण औषध न घेताही साधारण एक ते दोन आठवड्यांत भरतो, त्यावर केलेला कोणताही उपाय यशस्वीच दिसणार. खरी तुलना लेसर आणि ट्रायअ‍ॅमसिनोलोनच्या दाह कमी करणाऱ्या साध्या मलमात झाली पाहिजे. ०.१ टक्क्याचे हे मलम कोणत्याही मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून थोडक्या पैशांत मिळते. व्रण कापसाने टिपून कोरडा करायचा आणि झोपण्यापूर्वी मलमाचा पातळ थर न चोळता ठेवायचा. चुरचुर सुरू होताच लावले तर व्रण पुरता वर येतही नाही, असा माझा अनुभव आहे. ज्याला दर महिन्याला तोंड येते त्याने दर महिन्याला लेसरचे पैसे कुठून आणावेत?

शुभ्रपंक्ती
हिशेबी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि माझ्याकडेही सुरुवात मलमानेच होते. फरक पडतो तो मोठ्या व्रणांच्या बाबतीत. काही जणांना एक सेंटिमीटरहून मोठे, खोल व्रण येतात. ते कित्येक आठवडे टिकतात आणि भरल्यावर मागे वण ठेवतात. परीक्षा तोंडावर आलेला विद्यार्थी, कीर्तनकार, मधुमेहामुळे उपाशी राहणे परवडणार नाही असा रुग्ण, यांना लगेच घास गिळता येणे फार मोलाचे असते. गरोदर स्त्रियांच्या बाबतीतही औषधांचा विचार जपून करावा लागतो. अशा वेळी हे यंत्र जवळ असल्याचे मला समाधान वाटते. ते सर्वांसाठी नाही, एवढेच.

टेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये असते. इथे तोंडातील ज्या व्रणाचे कारण सापडत नाही आणि जो तीन आठवड्यांनंतरही भरलेला नाही, त्याच्या रुग्णाला कर्करोगाच्या शंकेने तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे, असा डॉक्टरांना स्पष्ट निर्देश आहे. आपल्याकडे तंबाखू आणि सुपारीमुळे धोका कितीतरी जास्त असूनही घरोघरी महिनोन् महिने जेल लावत बसतात. तोंड येणे जागा बदलत राहते, येते आणि जाते. एकाच जागी मुक्काम ठोकलेला, कडा टणक झालेला, न दुखणारा व्रण वेगळा असतो. त्यावर जाईचा पालाही नको आणि लेसरही नको.

फत्तेशिकस्त
सुपारीचा विषय निघाला म्हणून विचारतो. माझा मामेभाऊ बारावीपासून गुटखा खात होता. राज्यात २०१२ पासून बंदी असली, तरी त्याला तो मिळत राहिला. आता त्याचे तोंड पुरते उघडत नाही. पूर्वी तीन बोटे उभी सहज जायची, आता जेमतेम दीड जाते. तिखट अजिबात सहन होत नाही आणि गालाच्या आत बोट फिरवले तर उभ्या ताठ दोऱ्या हाताला लागतात. एका ठिकाणी लेसरने या दोऱ्या कापून देतो म्हणाले. करावे का?

सूक्ष्मदर्शी
हे वर्णन सबम्यूकस फायब्रोसिसचे आहे. सुपारीतील घटकांमुळे गालाच्या त्वचेखाली तंतू साचत जातात आणि गाल चामड्यासारखा ताठ होतो. नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. त्यामुळे मामेभावाची पहिली गरज तोंड उघडण्याइतकीच तपासणीची आहे. या आजारात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, आणि तोंड उघडत नसल्याने मागच्या भागातील व्रण कोणाला दिसतही नाही.

शुभ्रपंक्ती
लेसरने दोऱ्या कापता येतात आणि रक्तस्राव कमी होतो, हे खरे आहे. परंतु जखम भरताना तिथे पुन्हा तंतू तयार होतात. सुपारी पूर्णपणे सुटलेली नसेल आणि तोंड उघडण्याचे व्यायाम रोज, दुखत असतानाही, महिनोन् महिने केले नाहीत, तर कापलेले सगळे वाया जाते. त्याला मौखिक शल्यचिकित्सकांकडे न्या आणि आजार कोणत्या टप्प्यात आहे, ते ठरवून घ्या. पुढे गेलेल्या आजारात मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांनी व्यायामाचा उल्लेखही न करता केवळ लेसरचा दर सांगितला, त्यांच्याकडे मी माझ्या भावाला पाठवले नसते.

अबोली_नाशिक
माझ्या ओठाच्या बाहेर, कडेवर, तापानंतर पाण्याचे बारीक फोड येतात. त्यावरही लेसर चालतो का?

शुभ्रपंक्ती
अबोली, तुम्ही सांगता ते हर्पिस विषाणूचे फोड असण्याची शक्यता अधिक वाटते. नेहमीचे तोंड येणे ओठाच्या आत होते आणि संसर्गजन्य नसते. हे फोड संसर्गजन्य असतात. अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध चुरचुर सुरू होताच घेतले तरच त्याचा नीट उपयोग होतो. यावर कमी शक्तीचा लेसर वापरतात, परंतु फोडांत पाणी भरलेले असताना जास्त शक्तीचा लेसर वापरू नये. त्या धुरातून विषाणू पसरण्याची भीती असते. फोड ताजे असताना आम्ही दातांची इतर कामेही पुढे ढकलतो.

भीमातीर
सर्वांचे मनापासून आभार. धागा सुरू करून बरेच दिवस झाले, दरम्यान काय घडले ते सांगते.

माझ्या रक्ताच्या तपासणीत बी १२ बरेच कमी आणि फेरिटिनही, म्हणजे शरीरातील लोहाचा साठाही, कमी निघाले. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, त्यामुळे डॉक्टरांना याचे नवल वाटले नाही. इंजेक्शने आणि लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. फेस आणण्यासाठी टूथपेस्टमध्ये घालतात ते सोडियम लॉरिल सल्फेट काही जणांना त्रासदायक ठरते, असे कळल्यावर ते नसलेली पेस्ट शोधून आणली. डाव्या बाजूच्या एका झिजलेल्या दाढेची धारदार कड दंतवैद्यांनी घासून गुळगुळीत केली. जिभेवर नेहमी येणारा व्रण नेमका तिच्यासमोरच असे. मधल्या काळात ओठाच्या आत एक मोठा व्रण आला, तेव्हा शाळेची तोंडी परीक्षा असल्याने लेसरही करून घेतला. ऊब जाणवली, दुखले नाही, आणि संध्याकाळी मी वरण-भात नेहमीसारखा जेवले. दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूला लहानसा नवा व्रण आलाच, म्हणजे शुभ्रपंक्ती यांनी सांगितले होते तसेच झाले.

सासूबाईंना मात्र त्याच दिवशी बरोबर नेले नाही. त्यांची कवळी आधी घासून बसती करून घेतली. दोन आठवडे वाट पाहूनही चट्टा पूर्ण गेला नाही, म्हणून बायोप्सी केली, साध्या पात्याने. अहवालात त्वचा जाड झाली आहे, परंतु पेशींमध्ये बिघाड नाही, असे आले आहे. आता तो चट्टा लेसरने काढावा का?

सूक्ष्मदर्शी
अहवाल चांगला आहे. तुकडा चट्ट्याच्या ज्या भागातून घेतला त्या भागाबद्दलच तो बोलतो, एवढे ध्यानात ठेवा आणि अहवाल व काचपट्टी दोन्ही जपून ठेवा.

शुभ्रपंक्ती
आत्ता काढण्याची घाई नको. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायला सांगा, त्यामुळे गालाला विश्रांती मिळेल. त्या मशेरी किंवा तंबाखू वापरत असतील तर ती आजच बंद व्हायला हवी. तीन महिन्यांनी परत दाखवा, आणि आज मोबाइलवर चट्ट्याचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. त्याआधी चट्ट्यावर लाली आली, तो खडबडीत झाला, दुखू लागला किंवा त्यात व्रण पडला, तर तीन महिन्यांची वाट न पाहता लगेच न्या.

हिशेबी
ताई, ज्या दंतवैद्यांनी तुमची दाढ घासली त्यांनी त्या कामाचे किती घेतले, तेही लिहा. वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

भीमातीर
काहीच घेतले नाही. दाढ भरली त्याच बैठकीत करून दिली. लेसरचे मात्र मलमाच्या पाच-सहा ट्यूब आल्या असत्या इतके झाले.